कुंपणापलीकडचा पराग

फुलांचा नाद असलेल्या मनुष्यासच परागाचे वावडे असावे, हा दैवाचा विनोद क्रूर खरा; परंतु वाटतो तितका तो दुर्मीळ नाही. रहिमतपुरातील आमच्या लहानशा बागेत मला त्याचा प्रत्यय दरवर्षी पावसाळा सरता सरता येतो. शिंकांची माळ लागली आणि डोळे चुरचुरू लागले, की घरची मंडळी मोगरा, गुलाब व झेंडू यांच्या उच्चाटनाचा ठराव एकमताने संमत करतात.

या ठरावात न्याय थोडा आहे. रंग आणि गंध ही फुलाने कीटकांस धाडलेली आमंत्रणे होत. कीटकांनी वाहून न्यावयाचा पराग सामान्यतः जड व चिकट असतो. तो वाऱ्यावर फार दूर जात नाही. नाकास छळणारा पराग बहुधा ज्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही अशा गवतांचा असतो. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली हे स्वतः परागज्वराचे रोगी. त्यांनी पतंग उडवून उंचावरील हवेतही पराग असतो हे पडताळून पाहिले आणि १८७३ साली आपले प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. तरीही अमेरिकेत या विकारास ‘गुलाबाचे पडसे’ म्हणण्याचा प्रघात होताच. जो डोळ्यांत भरतो त्यालाच आरोपी करावयाचे, ही मनुष्याची खोड जुनी आहे.

आपल्याकडे या उपद्रवात गाजरगवताची भर पडली. उष्ण अमेरिकेतील ही वनस्पती पुण्यास १९५० नंतरच्या दशकात नजरेस आली. परदेशी गव्हाबरोबर ती आली असे सामान्यतः मानतात. एकेक झाड हजारो बिया टाकते. त्याचा पराग श्वासास बाधतो आणि स्पर्श त्वचेस. लोहमार्गाची कड, पडीक गावठाण, दोन घरांमधील बोळ, अशा मालक नसलेल्या जागी ते माजते. ते कोणी लावले नाही, म्हणून उपटण्याचे उत्तरदायित्वही कोणाचे नाही, असे आपण निर्वेधपणे समजतो. वास्तविक माझ्या कुंपणाची कड मी आळसाने तशीच ठेवली, तर तिचा पराग शेजारच्या दमेकरी म्हाताऱ्याच्या उशाशी जाताना परवानगी विचारीत नाही.

येथवर सुशिक्षित गृहस्थ मान डोलावतो आणि तत्परतेने मजूर लावतो. खरा प्रश्न येथेच सुरू होतो. डॉक्टरांनी ज्या कामास मला मना केले, तेच मी चार पैसे देऊन खुरपणीस येणाऱ्या बाईंकडून उघड्या हातांनी करून घ्यावे काय? मजुरी ठरली, त्यांनी ती स्वीकारली, मग अन्याय कोठे, असे अर्थशास्त्राचा विद्यार्थी विचारील. बाईही म्हणतात, “आम्हांला काय हुतंय, सर? रोजचंच हाय.” परंतु या वनस्पतीचे वावडे बहुधा वारंवारच्या संपर्कानेच जडते. आज काही होत नाही, ही उद्याची हमी नव्हे. मला धोका ठाऊक आहे आणि त्यांना तो ठाऊक नाही. शिवाय त्यांना त्या दिवसाची मजुरी हवीच आहे. अशा स्थितीत मिळालेल्या संमतीस करार म्हणता येईल. तीवर माझ्या विवेकाने निश्चिंत झोपावे, इतके बळ मात्र तीत नाही. माझी व्याधी मी नाहीशी केली नाही, दुसऱ्याच्या हातावर ठेवली, एवढेच.

यावर बागच सोडावी, असे काही सात्त्विक मित्र सुचवितात. तो मार्ग मला पळपुटा वाटतो. बाग सोडल्याने बोळातील गाजरगवत काही वैराग्य पत्करीत नाही. निसर्गाने मात्र एक सोय ठेवली आहे. फुलोरा येण्यापूर्वी या झाडास पराग नसतो. पहिल्या पावसांनी माती भिजली की कोवळे रोप मुळासकट सहज निघते. तेव्हा हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालून परागाच्या रोग्यासही हे काम करता येते. आजाराची सबब लागू होते ती त्याने दोन महिने दिरंगाई केल्यावर. बाई सोबतीस आल्या तर त्यांनाही मोजे द्यावे, कारण सांगावे, आणि फुलावर आलेले झाड उपटण्यास त्यांनी नकार दिला तर मजुरी कापू नये.

मोकळ्या झालेल्या जागी टाकळ्याचे बी टाकावे. तो दाट वाढला की गाजरगवतास फारसे डोके वर काढू देत नाही. आमच्या कुंपणाबाहेरच्या पट्ट्यात तो चांगला रुजला आहे. शेजारच्या बायका भाजीसाठी त्याचा कोवळा पाला न विचारता खुडून नेतात, आणि आमची त्याबद्दल काही तक्रार नाही.