हरभऱ्याची आंब

पौषात शिंदखेड्याच्या काळ्या रानात हरभरा घाट्यावर आलेला असतो. सकाळी त्या पिकातून उघड्या पायांनी गेलं की पोटऱ्या चरचरतात, आणि ओलं बोट जिभेला लावलं की दात आंबतात. ती नुसती दवाची ओल नसते. पानांवर नि कोवळ्या घाट्यांवर बारीक लव असते, तिच्या टोकाटोकाला आम्लाचा थेंब. जुनी माणसं धुतलेलं पांढरं फडकं पहाटे पिकावरून फिरवत, पिळून बाटलीत भरत आणि अजीर्ण झालं की थोडी आंब पाण्यातून देत. आयुर्वेदातलं चणकाम्ल ते हेच.

या थेंबात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल असतं. दोन्ही कार्बोक्सिलिक कुळातली. एका कार्बनला दोन ऑक्सिजन आणि त्यातल्या एकाला हायड्रोजन, ही त्या कुळाची खूण. हायड्रोजन प्रोटॉन होऊन निघून गेला की मागे उरलेला ऋण भार दोन्ही ऑक्सिजन वाटून घेतात. कावडीचं ओझं दोन्ही बाजूंना विभागावं तसा. अल्कोहोलमध्ये असा वाटेकरी नाही, म्हणून ते आम्लासारखं वागत नाही. तरी हे देणं बेताचंच. व्हिनेगरमधल्या ॲसेटिक आम्लाच्या २०० रेणूंमधला जेमतेम १ रेणू प्रोटॉन सोडतो. ऑक्झॅलिकमध्ये मात्र असे दोन गट एकमेकांना खेटून बसलेले. एक दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन ओढतो, त्यामुळे ते ॲसेटिकच्या सुमारे ३००० पट तीव्र. पाय उगीच चरचरत नाहीत!

झाडाला ही आंब लागते ती स्वतःच्या रक्षणासाठी. पानांवर ऑक्झॅलिक आम्ल जास्त असलेल्या वाणांवर घाटेअळीची वाढ खुंटते, हे इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं. हेच आम्ल कॅल्शियमशी जुळलं की न विरघळणारा क्षार होतो. मूतखड्यात बहुधा तोच सापडतो. म्हणून खड्याचा त्रास असणाऱ्यांनी आंबेच्या वाटेला जाऊ नये.

बारावीला कार्बोक्सिलिक आम्लं शिकवणाऱ्या शिंदखेडा-दोंडाईच्याच्या शिक्षकांना एकच विनंती आहे. जानेवारीत एकदा मुलांना फवारणी न झालेल्या हरभऱ्यात न्या. फडकं पिळू द्या, निळा लिटमस लाल होताना पाहू द्या, चिमूटभर खायचा सोडा टाकून कार्बन डायऑक्साइडचा फेस येऊ द्या. फळ्यावरचं समीकरण त्यानंतर लिहा.