दाविदाने न प्यालेले पाणी

वाचावयाचा भाग : २ शमुवेल, अध्याय २३, वचने १३ ते १७



दावीद अदुल्लामाच्या गुहेत असता त्यास आपल्या गावच्या विहिरीची आठवण झाली. दिवस सुगीचे होते आणि बेथलेहेमात पलिष्ट्यांचे ठाणे बसले होते. त्याने कोणास आज्ञा केली नाही. तहानेने केवळ बोलून गेला. तेवढ्यावरून तीन वीर शत्रूची छावणी फोडून गेले आणि वेशीजवळच्या विहिरीचे पाणी शेंदून घेऊन आले. दाविदाने ते ओठास लाविले नाही. ज्यासाठी माणसांनी आपला जीव धोक्यात घातला ते त्याच्या दृष्टीने पाणी राहिलेच नव्हते, त्यांचे रक्त झाले होते. त्याने ते परमेश्वरापुढे ओतिले.

आज ह्या भागाकडे आम्ही एका निराळ्या कारणाने लक्ष वेधू इच्छितो. कर्करोगाच्या मोठ्या इस्पितळात गेलेल्या माणसापुढे कधी कधी एक कागद ठेवण्यात येतो, आणि विचारण्यात येते की, तुमच्या शरीरातून काढलेल्या गाठीचा उरलेला तुकडा किंवा थोडेसे रक्त संशोधनाकरिता ठेवून घेण्यास तुमची संमती आहे काय? कोणी घाबरून नको म्हणतात. कोणी डॉक्टरसाहेब म्हणतात म्हणून, काय लिहिले आहे हे न विचारता, अंगठा उठवितात. हे दोन्ही प्रकार आम्हांस बरे वाटत नाहीत.

ही गोष्ट काय आहे ते आधी सांगितले पाहिजे. शस्त्रक्रियेने गाठ काढिली म्हणजे रोग ओळखण्यास तिचा जो भाग लागतो तो प्रथम त्या कामी जातो. रोग्याच्या उपचारात त्यामुळे काही उणे पडत नाही. उरलेला भाग एरवी नाहीसा करण्यात येतो. तो टाकून न देता काही ठिकाणी जपून ठेवितात, काही मेणाच्या ठोकळ्यात, काही द्रवरूप नायट्रोजनाच्या टाकीत, जेथे थंडी शून्याखाली १९६ अंशांपर्यंत असते. नावाच्या जागी खुणेचा क्रमांक घालितात. मुंबईच्या टाटा स्मारक इस्पितळात असा संग्रह आहे, आणि चेन्नईच्या आय.आय.टी.मध्येही आहे. पुढे जाणते लोक हे नमुने शेजारी शेजारी ठेवून तपासतात, की एकाच औषधाने ह्या माणसाची गाठ विरली आणि त्याची का विरली नाही. आमच्या गावांत बाया मिश्री लावितात, पुरुष तंबाखूला चुना चोळून दाढेखाली धरितात, आणि तोंडाचा कर्करोग आमच्या देशात फार आढळतो. हा आमचा रोग आहे. तो ओळखावयाचा तर केवळ परदेशच्या गोऱ्या लोकांचे नमुने पाहून कसे भागेल?

परंतु येथे एक खरी गोष्ट लपवून ठेविता कामा नये. जो नमुना देतो त्यास त्यापासून बहुधा काहीच मिळत नाही. त्याची गाठ त्यामुळे बरी होत नाही, पैसे मिळत नाहीत, आणि त्या तपासणीचे उत्तर त्याच्या घरी येईलच असेही नाही. जे फळ येईल ते वर्षांनंतर, आणि ज्याचे तोंड तो कधी पाहणार नाही अशा कोणा माणसास. हे ऐकून जो देतो त्याचे देणे खरे. रोग बरा होईल अशा आशेवर ज्याच्याकडून घेतले, त्याजकडून ते फसवून घेतले असे आम्ही म्हणू.

अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स नावाची एक काळी स्त्री होती. व्हर्जिनियातील तंबाखूच्या शेतांत ती वाढली होती व पाच लेकरांची आई होती. १९५१ साली बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात ती आली तेव्हा तिच्या गर्भाशयाच्या मुखास कर्करोग झालेला आढळला. काळ्या लोकांचा कक्ष तेथे वेगळा असे. उपचाराच्या वेळी तिच्या गाठीचा लहानसा तुकडा काढून प्रयोगशाळेत नेण्यात आला. तिला कोणी विचारिले नाही. त्या काळी तशी चालच होती. ती स्त्री त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या ३१व्या वर्षी, मरण पावली. परंतु तिच्या पेशी मेल्या नाहीत. काचेच्या भांड्यात त्या दर दिवसास दुप्पट होत गेल्या. मनुष्याच्या शरीराबाहेर अशा अखंड वाढत राहिलेल्या ह्या पहिल्याच पेशी होत. पोलिओची लस तपासण्यास त्या उपयोगी पडल्या, आणि अजूनही जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वाढत आहेत. त्यांचा व्यापारही झाला. तिच्या घरच्यांस मात्र १९७३च्या सुमारापर्यंत ह्यातले काही ठाऊक नव्हते, आणि तिच्या कबरेवर कित्येक वर्षे दगडही नव्हता. कित्येक ठिकाणी तिचे नावसुद्धा चुकीचे छापिले जाई. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचा गौरव केला, आणि २०२३ साली एका मोठ्या कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली. म्हणजे ७० वर्षे लागली.

ही कथा ऐकून कोणी म्हणेल की, मग आपण देऊच नये. थोडे थांबा. जर्मनीतील हाराल्ड त्सुर हाउसेन ह्यांनी शोधून काढिले की, गर्भाशयमुखाचा कर्करोग एका विषाणूमुळे होतो. त्याबद्दल त्यांस २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या विषाणूची एक जात हेन्रिएटाच्याच पेशींत त्यांस सापडली. आज त्याविरुद्ध लस आहे. पुण्याच्या सीरम संस्थेची अशी लस २०२३ साली बाजारात आली. त्या स्त्रीच्या पेशींनी आमच्या मुलींचे पुष्कळ भले केले आहे. त्या मागून घेतल्या असत्या तर ते भले काय कमी झाले असते?

आता दूरची गोष्ट सोडून घराजवळची घेऊ. बार्शी येथे कर्करोगाचे इस्पितळ आहे हे सोलापूर व धाराशिवकडील वाचकांस ठाऊक आहे. तेथील व मुंबईच्या डॉक्टरांनी, परदेशच्या सहकाऱ्यांसह, १९९९ साली त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठी पाहणी आरंभिली. गावांचे ५२ गट पाडिले. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. कोणत्या तपासणीने किती जीव वाचतात हे पाहावयाचे होते. एका विभागात स्त्रियांच्या गर्भाशयमुखावरील पेशी लहान कुंचल्याने घेऊन त्यांत तो विषाणू आहे की नाही हे तपासिले. २००९ साली निकाल प्रसिद्ध झाला. ज्या विभागात ही तपासणी झाली तेथे ह्या रोगाने ३४ स्त्रिया मेल्या. ज्या विभागात तपासणी झाली नव्हती तेथे ६४. ही तपासणी एकदाच केली असताही एवढा फरक पडला, हे जगाला कळले ते कोणामुळे? शेतात खुरपणीला जाणाऱ्या, घरी सासूला सांगावयाची लाज वाटणाऱ्या, कनातीआड डोळे मिटून घेणाऱ्या आमच्या बहिणींमुळे. छावणी फोडून पाणी आणणाऱ्या तीन वीरांची गोष्ट पवित्र शास्त्रात दिलेल्या वीरांच्या यादीस जोडून येते. ह्या हजारो स्त्रियांची यादी कोठे छापिलेली नाही.

आणि तपासणी न झालेल्या विभागाविषयी पुढे वाद झाला, हेही सांगितले पाहिजे. तुलनेकरिता त्या स्त्रियांस तपासणीवाचून ठेवणे योग्य होते काय, असे कित्येकांनी विचारिले. आमच्या मते हा प्रश्न विचारणारे संशोधनाचे शत्रू नव्हेत.

मंडळीत तीन शंका वारंवार ऐकू येतात. पहिली अशी की, शरीराचा तुकडा कोठे तरी राहिला तर पुनरुत्थानाच्या दिवशी काय होईल? ऊसतोडीत ज्याचे बोट कोयत्याने गेले तो भाऊ प्रभूपुढे नऊ बोटांनी उभा राहील काय? जे विश्वासी जन अग्नीत जाळिले गेले त्यांस उठविण्यास देव समर्थ आहे, तर टाकीतल्या गाठीची त्यास अडचण पडणार नाही. दुसरी शंका, रक्त विकतात अशी. ही शंका अगदीच वेडेपणाची नव्हे, हे हेन्रिएटाच्या कथेवरून दिसले. म्हणून नमुना कोणास दिला जाईल व त्यापासून लाभ झाला तर कोणाचा, हे विचारून घ्यावे. विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. तिसरी शंका लाजेची. तिला आम्हांजवळ उत्तर नाही, पण एवढे म्हणतो की स्त्रीला स्त्रीनेच समजावून सांगावे.

दाविदाच्या कथेत देणाऱ्यांचे धैर्य आहे तसा घेणाऱ्याचा धाकही आहे, आणि आम्हांस तोच अधिक मोलाचा वाटतो. तो राजा होता. पाणी त्याच्याच हातात होते. तरी ते आपले नव्हे असे त्याने जाणिले. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ साली जे नियम घालून दिले त्यांत अशीच गोष्ट लिहिली आहे, ती आमच्या सेवकांनी ध्यानात ठेवावी. नमुन्याची मालकी देणाऱ्याची असते. संग्रह करणारी संस्था केवळ विश्वस्त. देणाऱ्यास आपली संमती मागे घेता येते. जो नाही म्हणतो त्याच्या उपचारात काही कमी करिता येत नाही. कारभारी आणि धनी ह्यांतला भेद प्रभूच्या दाखल्यांतून आम्ही लहानपणापासून शिकलो आहो. इस्पितळातही तोच भेद आहे.

बेथेस्दा तळ्याच्या काठी अडतीस वर्षे पडून असलेल्या मनुष्याची इच्छा काय आहे हे तर उघड दिसत होते; तरी प्रभूने त्यास बरे होण्याची इच्छा आहे काय असे आधी विचारिले. ज्यास सर्व ठाऊक त्याने विचारिले. म्हणून उपदेशक बंधूंस व बायबल भगिनींस आमची विनंती आहे की, आपल्या शब्दाचे वजन कोणाच्या होकाराच्या पारड्यात टाकू नका. गावात पाळक म्हणतो म्हणजे देव म्हणतो असे मानणारे भोळे लोक आहेत. संमतिपत्र मराठीत मागून घ्या. ते सावकाश, दोनदा वाचून दाखवा. उपचाराचा कागद कोणता व संशोधनाचा कोणता हे वेगळे करून सांगा. रोगी घरच्यांशी बोलून उद्या सांगतो म्हणाला तर त्यास उद्यापर्यंत अवकाश मिळवून द्या. ज्यास वाचता येत नाही त्याच्या अंगठ्याच्या वेळी निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो. त्या जागी तुम्हांस बोलाविले, तर सर्व समजावणे आपल्या कानांनी ऐकल्यावाचून सही करू नका. आणि ते घाईत उरकले असेल तर पुन्हा सांगावयास लावा, डॉक्टरसाहेब कितीही कामात असले तरी.