बोली, पुण्य आणि रात्रीचा निवारा

'बोली' हा मराठी शब्द लिलावात पुकारलेल्या किमतीसाठी वापरला जातो, आणि ती किंमत वर चढत जाते हे त्यात गृहीत असते. परंतु प्रवाशांच्या जगात गेल्या पाव शतकात उलट्या दिशेची एक बोली रूढ झाली, जिच्यात विकत घेणाराच कमीत कमी किंमत पुकारतो आणि विकणारा ती मान्य करतो की नाही याची वाट पाहतो. १९९८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या प्राइसलाइन या कंपनीने ही पद्धत प्रसिद्ध केली. गिऱ्हाइकाने शहराचा भाग, हॉटेलचा दर्जा आणि आपल्याला परवडणारा दर एवढेच सांगायचे. बोली मान्य झाली की पैसे तत्काळ कापले जात, हॉटेलचे नाव त्यानंतर कळे आणि सौदा परत फिरवता येत नसे. ही पद्धत त्या उघड रूपात पुढे मागे पडली, पण तिच्यामागचे गणित खोल्या विकणाऱ्या आजच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये जिवंत आहे. हॉटेलची खोली हा अत्यंत नाशवंत माल आहे. टोमॅटो निदान दोन दिवस टिकतो, पण आज रात्री रिकामी राहिलेली खोली उजाडताच कायमची वाया जाते, आणि म्हणून मिळेल त्या दराने ती भरणे मालकाला सोयीचे पडते. याच्याच जोडीला दुसरी युक्ती आहे ती पॉइंटांची. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या प्रवाशांच्या नावावर उड्डाणाचे मैल जमा करण्यास आरंभ केला, त्या दशकातच मोठ्या हॉटेल कंपन्यांनी तिचा कित्ता गिरवला, आणि एकाच साखळीत वारंवार उतरणाऱ्याला पुढे केव्हातरी निष्ठेचे बक्षीस म्हणून फुकट रात्र मिळू लागली.

हा विषय व्यवहाराचा वाटतो, धर्मविचाराचा नाही. तरीही स्वस्तात मिळालेली वस्तू नेमकी कोणाच्या खिशातून येते, आणि साठवून ठेवलेली व हवी तेव्हा वटवता येणारी निष्ठा ही निष्ठा राहते काय, हे दोन प्रश्न भारतीय दर्शनांनी हॉटेले निर्माण होण्याच्या फार पूर्वी विचारले आहेत. ते तपासण्यासाठी यवतमाळ जिल्हा ही जागा अनपेक्षितपणे सोयीची ठरते, कारण बोली कशी लागते आणि ती लागताना कोण अडलेला असतो हे या कापूसपट्ट्याला कोणी शिकवावे लागत नाही.

वऱ्हाडात लिलावाला हर्रास म्हणतात. जुन्या बाजारांत, आणि गुरांच्या बाजारात तर अगदी अलीकडेपर्यंत, भाव तोंडाने पुकारला जात नसे. अडत्या आणि व्यापारी यांचे हात एका रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली जात, एकाने दुसऱ्याची बोटे दाबायची, किती बोटे धरली आणि किती वेळा दाबली यावरून रक्कम ठरायची, आणि ज्याचा माल तो कास्तकार दोन हात अंतरावर उभा राहून फक्त रुमालाची हालचाल पाहायचा. यालाच हत्ता पद्धत म्हणत. आजचा यवतमाळ जिल्हा वणी जिल्हा या नावाने ओळखला जाई आणि वऱ्हाडाचा भाग होता तेव्हा, १८९७ साली, वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. बाजार नेमून दिलेल्या जागी आणि समितीच्या देखरेखीखाली चालावा हे त्याचे सूत्र होते, आणि देशातील बाजार समित्यांच्या इतिहासात तो आरंभीचा टप्पा मानला जातो. पुढे महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याखालील नियमांनी शेतमालाची विक्री उघड लिलावाने व्हावी असे ठरवले. म्हणजे रुमाल बाजूला करणे ही या प्रदेशाने कायद्याने मिळवलेली गोष्ट आहे. ज्या अ‍ॅपवर शेजारच्या दोन खोल्यांतील दोन पाहुण्यांना एकमेकांचा दर कळत नाही, आणि कधी कधी हॉटेलचे नावही पैसे भरेपर्यंत कळत नाही, तिथे तोच रुमाल काचेचा होऊन परत आला आहे, इतकेच.

येथे एक भेद मात्र लक्षात ठेवला पाहिजे. हर्राशीत अडलेला असतो तो विकणारा: घरात कापूस ठेवायला जागा नाही, दुकानदाराची उधारी थकलेली, चुकारा आजच हवा. रिकाम्या खोलीचा मालकही त्या रात्रीपुरता तसाच अडलेला असतो. स्वस्त सौदा हा नेहमी कोणाच्या तरी अडचणीतून कापून काढलेला तुकडा असतो, आणि 'अडला हरी' ही म्हण ज्या समाजाने घडवली त्याला हे सांगावे लागू नये.

मग अशी अडचण ओळखून कमी किंमत देणे हा दोष आहे काय? याचे अतिशय नेमके उत्तर जैन आचारशास्त्रात सापडते. अस्तेय, म्हणजे न दिलेले न घेण्याचे व्रत, गृहस्थानेही पाळायचे असते, आणि उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात त्याचे पाच अतिचार, म्हणजे व्रत पूर्ण न मोडता त्याला तडा देणारी पाच कृत्ये, सांगितली आहेत. चोराला प्रोत्साहन देणे, चोरीचा माल घेणे, खोटी वजनमापे वापरणे आणि भेसळीचा माल खपवणे ही चार कृत्ये सहज समजतात. उरलेला अतिचार 'विरुद्धराज्यातिक्रम' या नावाचा आहे, आणि तत्त्वार्थसूत्रावरील सर्वार्थसिद्धी या टीकेत पूज्यपादांनी त्याचा उलगडा असा केला आहे की, राज्यव्यवस्था विस्कटलेल्या प्रदेशात मौल्यवान वस्तू अल्प किमतीत मिळवण्याची धडपड हा या व्रताचा अतिचार होय. म्हणजे किंमत दोघांच्या संमतीने ठरली एवढ्याने ती निर्दोष होत नाही. ती संमती कोणत्या परिस्थितीतून पिळून काढली, हे पाहावे लागते. या कसोटीवर सामान्य मंगळवारची रिकामी खोली स्वस्तात घेणे हा दोष ठरत नाही, कारण तिथे व्यवस्था शाबूत आहे आणि मालकाने तोटा टाळण्यासाठीच स्वतःहून दर उतरवला आहे. परंतु पुराने किंवा साथीने एखाद्या गावाचा व्यवसाय बसलेला असताना त्याच गावात 'डील' हुडकत फिरणाऱ्याला पूज्यपाद सोडणार नाहीत. आणि तोच अतिचार उलट बाजूने हॉटेललाही लागू करता यावा: जत्रेच्या रात्री, परीक्षेच्या आदल्या रात्री, इस्पितळाच्या दारात जे संगणकीय कोष्टक दर तिप्पट करते, ते प्रवाशाच्या अडचणीचाच लिलाव करीत असते.

जैन परंपरेतच बोलीचे दुसरे रूपही आहे, आणि ते चढत्या बोलीचे आहे. कापसाच्या व्यापारानिमित्त विदर्भात स्थिरावलेल्या मारवाडी, गुजराती व कच्छी कुटुंबांतील मूर्तिपूजक श्वेतांबर जैनांमध्ये पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन होते, आणि महावीरजन्माच्या वाचनाच्या दिवशी त्रिशलामातेने पाहिलेल्या चौदा स्वप्नांच्या प्रतिमा एकेक करून वरून खाली आणल्या जातात. प्रत्येक स्वप्नाला हार घालण्याचा मान बोलीने ठरतो. ही बोली परंपरेने रुपयांत नव्हे तर तुपाच्या मणांत लागते: कोणी पाच मण म्हणतो, मागच्या रांगेतून कोणी सात म्हणतो, तीन वेळा पुकारा होतो आणि ज्याची बोली शेवटची राहिली त्याला 'आदेश' मिळतो, एका मणाचे किती रुपये हे संघाने आधीच ठरवून ठेवलेले असते. तूप मात्र कोठेही तोलले जात नाही. या रकमेचा विनियोग देवद्रव्यात, म्हणजे केवळ मंदिर-मूर्तीसाठी राखलेल्या निधीत, व्हावा की साधारण, म्हणजे सर्व कार्यांसाठीच्या, खात्यात यावर विसाव्या शतकात जैन आचार्यांमध्ये बराच वाद झाला, पण एका मुद्द्यावर कोणाचेच दुमत नव्हते, तो असा की बोली बोलणाऱ्याला त्यातला एक छदामही स्वतःसाठी परत घेता येत नाही. हॉटेलच्या बोलीत सर्वांत कमी देऊन मिळवणारा हुशार ठरतो, येथे सर्वांत जास्त देऊन काहीच न मिळवणारा मान पावतो. यात प्रतिष्ठेची हौस नसते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, पण हौस भागवण्यासाठीही माणसाला येथे आधी द्यावेच लागते.

पॉइंटांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण त्यांचे पुण्याशी असलेले साम्य वरवरचे नाही. आज केलेल्या यज्ञाचे फळ मृत्यूनंतर कसे मिळते, मधल्या काळात ते कोठे असते, हा प्रश्न मीमांसा दर्शनाने उपस्थित केला आणि त्याच्या उत्तरासाठी 'अपूर्व' ही संकल्पना मांडली. कर्म संपते, पण त्यातून एक अदृश्य सामर्थ्य उरते आणि ते योग्य वेळी फळ देते. त्या मधल्या शिलकीचे नाव अपूर्व. हॉटेलच्या खात्यातील पॉइंट हे नेमके असेच आहेत: मुक्काम संपलेला, फळ अजून न आलेले, आणि दोहोंना जोडणारा एक आकडा. गीतेच्या नवव्या अध्यायात तर या शिलकीच्या मुदतीचाही उल्लेख आहे, कारण स्वर्गाच्या इच्छेने यज्ञ करणारे तिथले भोग भोगतात आणि पुण्य संपताच पुन्हा मर्त्यलोकात येतात असे तिथे सांगितले आहे. साम्य येथवर आहे. फरक त्यापुढे सुरू होतो. कंपनी कालपर्यंत एका रात्रीसाठी लागणारे पॉइंट आज दुप्पट करू शकते, आणि न वापरलेले पॉइंट मुदत संपून बुडाले तर तो तिचा नफा असतो. मीमांसकांनी फळ देणाऱ्या ईश्वराची गरजच मानली नाही. कर्म स्वतःच फळते असे त्यांचे म्हणणे. तो त्यांचा दूरदर्शीपणा येथे उठून दिसतो, कारण त्यामुळे कर्ता आणि फळ यांच्यामध्ये अटी बदलणारा कोणी उरतच नाही.

परंतु ही शिलकीची भाषाच काही विचारवंतांना मुळातून अमान्य होती. जैन आचार्य कुंदकुंदांनी 'समयसार' या ग्रंथात पापाला लोखंडाची आणि पुण्याला सोन्याची बेडी म्हटले आहे. बांधण्याचे काम दोन्ही सारखेच करतात. सोनेरी, रुपेरी, प्लॅटिनम अशा श्रेणींची कार्डे वाटणाऱ्या हॉटेल-साखळ्यांनी हा दृष्टान्त वाचला असण्याची शक्यता नाही, पण धातूची निवड अचूक झाली आहे. आणखी एक रात्र राहिलो तर वरची श्रेणी मिळेल म्हणून गरज नसलेला मुक्काम करणारा प्रवासी या बेडीचा अर्थ कोणत्याही टीकाकारापेक्षा चांगला सांगू शकेल. यवतमाळ जिल्ह्यातल्याच कळंबच्या चिंतामणी गणपतीला, जिथे भाविक पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखालील गाभाऱ्याकडे जातात, नवस बोलणाऱ्याचा व्यवहार याहून सरळ असतो: काम झाले तर अमुक करीन, नाही झाले तर नाही. नवसात अट उघड असते आणि ती भक्ताने घातलेली असते. देवावर निष्ठा आहे म्हणून सवलत द्यावी असा दावा त्यात नसतो.

निष्ठा या शब्दाचा कस लावायचा तर यवतमाळच्या दक्षिणेला पैनगंगा ओलांडून माहूरला जावे लागते. दत्तात्रेय काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात आणि निद्रेला माहूरला येतात अशी श्रद्धा आहे. ज्याचे कोठेच घर नाही अशा देवाचा हा मुक्काम होय. दत्तात्रेयांना पंचकृष्णांत स्थान देणाऱ्या महानुभाव पंथाने अनन्यता, म्हणजे एका परमेश्वरावाचून अन्य देवतेची उपासना न करणे, अत्यंत कठोरपणे सांगितली, आणि तिच्या बदल्यात अनुयायाला काय दिले? नित्याटन, म्हणजे अखंड भटकणे, भिक्षान्न, अपरिग्रह, आणि जिथे आपले कोणी ओळखीचे नाही अशा ठिकाणी राहण्याची आज्ञा. नेहमीच्या गिऱ्हाइकाला नेहमीची खोली देणे हा निष्ठेचा हॉटेलमधला अर्थ. नेहमीची खोलीच सोडून देणे हा पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचा अर्थ. याच पंथाच्या 'स्थानपोथी'त स्वामी कोठे बसले, कोठे वस्तीला राहिले याची बारकाईने नोंद आहे. ती नोंद अनुयायांनी केली, प्रेमाने केली, आणि त्यातून स्वामींच्या नावावर काही जमा झाले नाही.

या दोन टोकांमध्ये सामान्य माणसाला रात्रीचा निवारा लागतोच, आणि त्याच्यासाठी पॉइंट जमवून चार पैसे वाचवणाऱ्याला दोषी धरण्याचे कारण नाही. दोष आहे तो मोजमापाच्या या रीतीलाच आतिथ्य समजण्यात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेण्यासाठी गावोगावाहून येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात. अशा माणसाला रात्रीचा दर विचारून घासाघीस करण्याचे बळ नसते आणि त्याच्या खात्यात पॉइंटही नसतात. या वास्तूंवर महाराजांनी स्वतःची मालकी ठेवली नाही, आणि फुटके गाडगे, काठी व खराटा यांपलीकडे संग्रह केला नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी, त्यांना अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ, वाटेतच त्यांचा मृत्यू झाला.