प्राप्तीचा भार

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात अपरिग्रहाचे विवरण करताना विषयांच्या ठायी अर्जन, रक्षण, क्षय, संग आणि हिंसा असे पाच दोष दाखविले आहेत, आणि ते ओळखून जो विषयांचा स्वीकारच करीत नाही तो अपरिग्रही, असे म्हटले आहे. परंतु ज्याने एकदा स्वीकार केला त्याने मागाहून हात झटकले तर तो सुटतो काय, हा प्रश्न तेथे उरतोच. आणि भद्रावती तालुक्यातील माजरीस खुल्या कोळसाखाणीच्या काठावर उभे राहिले असता मला तोच सर्वांत निकडीचा वाटतो.

वर्धेच्या खोऱ्यातील कोळशासाठी १९५७ च्या कायद्याखाली जमिनी संपादित होतात, सातबाऱ्यावरची नावे बदलतात, मोबदल्याची आणि नोकरीची प्रकरणे दफ्तरोदफ्तरी फिरतात. हे अर्जनाचे क्लेश सर्वांस ठाऊक आहेत. पुढचे सहसा कोणी सांगत नाही. उघडा पडलेला कोळसा हवेतील प्राणवायू शोषून आतल्या आत तापतो आणि ढिगात फार दिवस राहिला तर कोणी काडी न लावता पेटतो. म्हणून ढीग दाबावा लागतो, त्यावर पाणी मारावे लागते, आणि होईल तितक्या लवकर तो वाघिणींत भरून रवाना करावा लागतो. खड्ड्यात झिरपणारे पाणी अखंड उपसावे लागते. वरची माती आणि वालुकाश्म तर कोणासच नको होते. पण त्यांचे डोंगर पावसाळ्यात घसरू नयेत म्हणून त्यांचीही राखण आलीच. नकोशा वस्तूचा असा अटळ परिग्रह भाष्यकाराच्या पाच दोषांत सहावा म्हणून घालावा, असे मला वाटते.

अशी खाण टाकून निघून जाणे यास त्याग म्हणता येणार नाही, कारण मागे राहिलेला खड्डा आणि आग ज्यांना काहीच मिळाले नव्हते त्यांच्या वाट्यास येते. २००९ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी खाण चालू असतानाच तिच्या समाप्तीची योजना आखून तिचा निधी वेगळ्या खात्यात भरणे आवश्यक केले. रक्षणाचे ऋण अर्जनाच्या काळातच मान्य करणारी ही तरतूद मला खरोखर धर्म्य वाटते. तरी पैशाने सर्व भागत नाही. आरंभी काढलेली काळी माती वेगळी रचून, तीवर गवत पेरून, ती जिवंत ठेवावी लागते, एरवी पुढे पसरली तरी तिचा कस गेलेला असतो. ती माती पिढ्यान्पिढ्या शेणखत घालून कोणी तरी कसदार केलेली होती. ती त्या गावास पिकती परत करणे हे खाणीवरील पहिले देणे आहे, कोळशाचा हिशेब त्यामागून व्हावा.