हजेरीपटावरचे गवई

हत्तीखाना, फरासखाना, जामदारखाना आणि त्याच रांगेत कलावंतांचा कारखाना. संस्थानी दप्तरांत गवई, बीनकार, नर्तकी यांची जागा अशी सरकारी लवाजम्यात असे. राजाश्रय म्हटलं की आपल्याला खूश होऊन गळ्यातला कंठा काढून देणारा रसिक राजा आठवतो. एरवी मात्र तो पगारपत्रकाचा मामला होता. पदरी गुणी किती, यावर दरबाराची ऐट ठरे. रयतेनं ते गाणं ऐकावं, ही अपेक्षाच नव्हती.

१८८० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झालं. या सोयरिकीतून तंजावरच्या नर्तकी, त्यांचे नट्टुवनार (नृत्यगुरू) आणि साथीदार असा ताफा आंदण म्हणून बडोद्याला आला. गौरा आणि कांतिमती या त्यातल्या नावाजलेल्या नर्तकी. माणसं आंदणात देता येत होती, इथेच जुन्या राजाश्रयाचं खरं रूप दिसतं.

याच सयाजीरावांनी सहा वर्षांनी वेगळा डाव मांडला. १८८६ मध्ये गवई मौलाबक्षांच्या हाताखाली बडोद्यात सरकारी गायनशाळा निघाली. मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत बसवली होती. गंडा बांधून, वर्षानुवर्षं गुरुगृही राबून पदरात पडणारी चीज आता फळ्यावर लिहिली जाऊ लागली. घराण्यांच्या उस्तादांना हे रुचलं नसेल तर नवल नाही! चीज हीच तर त्यांची इस्टेट होती. पण विद्या सरकारी पैशानं पोसायची, तर ती सगळ्यांना मिळाली पाहिजे, हा विचार इथे रुजला.

कलावंत खात्यालाही लेखी नियम आले. परगावी जायचं तर परवानगी घ्या, गैरहजर राहिलात तर दंड भरा. शिस्तीचा भोक्ता राजा आणि मिजासखोर गवई यांचं कसं जमणार? प्रजेसाठी दार उघडणारा हा राजा कलावंताला मात्र कारकुनासारखा वागवत होता, असं म्हणावं लागतं.

कोल्हापुरात पान वेगळं होतं. शाहू महाराजांच्या पदरी गवई अल्लादियाखाँ रमले, त्यांची अवघड गायकी तिथे पिकली. पण १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबई गाठली. एका माणसाच्या कानावर उभा असलेला आश्रय त्या माणसाबरोबर संपतो. मुंबईत शेठ मंडळींनी ती जागा घेतली. केरीच्या गायिका केसरबाईंची खाँसाहेबांकडची तालीम धनिकांच्याच पाठबळावर झाली.

बडोद्याचा विचार पुढे गेला, तो तिथेच भरलेल्या १९१६ च्या संगीत परिषदेत. ती भरवणारे संगीताचे अभ्यासक भातखंडे मुळात वकील. त्यांनी उस्ताद आणि अभ्यासक यांना एका मंडपात बसवलं, खर्च संस्थानानं सोसला. राजा आता श्रोता उरला नव्हता, यजमान झाला होता. अशा पायावरच १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय आणि १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज निघालं.

म्हणून संस्थानं विलीन झाली आणि राजाश्रय बुडाला, हे रडगाणं अर्धंच खरं आहे. दरबाराबाहेरची वाट काही राजांनीच आधी पाडून ठेवली होती. मौलाबक्षांची शाळा पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामावली. आंदणात आलेल्या कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजावरकर त्याच विद्यापीठात नृत्याचे शिक्षक झाले.