त्वचेची साक्ष

दिव्य कुरआनच्या ‘हा-मीम सजदा’ या सूरहमध्ये निवाड्याच्या दिवसाचे एक दृश्य आले आहे. अपराध्यांना नरकाग्नीजवळ आणले जाते आणि त्यांचे कान, त्यांचे डोळे व त्यांची कातडी त्यांच्याविरुद्ध साक्ष देऊ लागतात. त्या वेळी ते लोक जाब विचारतात तो आपल्या कातडीला, की तू आमच्याविरुद्ध का बोललीस? ती सांगते की ज्या अल्लाहने प्रत्येक वस्तूला वाचा दिली, त्यानेच आम्हाला बोलते केले. आयुष्यभर अंगाला बिलगून राहिलेली, कधी एक शब्द न बोललेली त्वचा तेथे बोलू लागते.

माणसाने केलेल्या पापांची ही साक्ष आहे, असेच भाष्यकार सांगतात आणि अर्थ तोच आहे. पण गेल्या वर्षी माझ्या भाचीचा चेहरा पाहिल्यापासून ही आयत वाचताना मी थबकतो. आपण खुद्द त्वचेवर जे केले, त्याविषयी तिला विचारले गेले तर ती काय सांगेल? हा अर्थ मी आयतीवर लादत नाही. प्रश्न माझा आहे.

भाची एकवीस वर्षांची, सावळी. गालांवर या वयात असतात तशी चार-दोन मुरमे. खेडजवळच्या आमच्या गावी तिच्या निकाहसाठी स्थळांची बोलणी सुरू होती. एका घरून निरोप आला, ‘मुलगी चांगली आहे, दीनदार आहे, पण रंग जरा…’ पुढचे वाक्य त्यांनी सोडून दिले होते. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून एक मलम आले. आठ-दहा दिवसांत मुरमे गेली, चेहरा उजळला, घर आनंदले. तीन-चार महिन्यांनी मलम एखादा दिवस राहिले तरी चेहरा लाल होऊ लागला. गालांवर बारीक शिरांचे जाळे दिसू लागले, हनुवटीवर लव आली, पुरळ पहिल्यापेक्षा दुप्पट झाले. ईदला भेटली तेव्हा ती हळूच म्हणाली, “मामू, वजूचं पाणी तोंडावर घेतलं की आग होते.”

त्वचारोगतज्ज्ञांनी मलमाची नळी पाहूनच ओळखले. तिच्यात तीव्र स्टेरॉइड होते आणि जोडीला रंग फिकट करणारे हायड्रोक्विनोन. स्टेरॉइड त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि दाह दडपते, म्हणून चेहरा झटपट नितळ दिसतो. त्याच वेळी ते त्वचा पातळ करीत जाते, आणि सवय लागलेली त्वचा औषध थांबताच पेटून उठते. आपल्या देशात असे रुग्ण इतके झाले की येथील तज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असे स्वतंत्र नावच दिले. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे. मलम अजून वाण्याच्या साबणासारखे मिळते. पाऱ्याचा अंश असलेल्या, गोरेपणाच्या बिननावाच्या डब्यांनी तर मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत मजल गेल्याची उदाहरणे केरळमध्ये आणि आपल्या महाराष्ट्रातही डॉक्टरांनी नोंदवली आहेत.

हे सारे आरोग्याचे झाले. मला छळणारा प्रश्न निराळा आहे. त्वचेची काळजी घेणे कोठे संपते आणि तिच्याशी वैर कोठे सुरू होते?

शरीर ही अमानत आहे, हे आपण खुत्ब्यांतून पुष्कळदा ऐकतो. ठेव ठेवणाऱ्याने दिलेली वस्तू सांभाळून परत करायची असते. ती गंजू देणे जसे चूक, तसेच ती खरवडून तिच्या जागी आपल्या आवडीची दुसरी वस्तू परत करणेही चूक. पहिली चूक आळशाची, दुसरी असंतुष्टाची. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दोन्हींवर बोट ठेवले आहे. रात्रंदिवस इबादतीत देह झिजवणाऱ्या तरुण सहाबींना त्यांनी बजावले की शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे. ‘माणसाला आपला पोशाख व पादत्राणे चांगली असावीत असे वाटणे हा अहंकार का?’ असे विचारले गेले, तेव्हा त्यांनी सौंदर्य अल्लाहला प्रिय असल्याचे सांगितले, आणि सत्य नाकारणे व लोकांना तुच्छ लेखणे हा अहंकार ठरवला. या उत्तराचा दुसरा भाग आपण फार कमी वेळा उच्चारतो. आरशापुढे उभे राहणे गुन्हा नाही. दुसऱ्याला खाली लेखणे हा गुन्हा आहे, मग ते त्याच्या कातडीवरून का असेना.

आळशाच्या चुकीवर आपल्या दीनने रोजच्या रोज इलाज ठेवला आहे. पाच वेळा वजू, जुम्याचा गुस्ल, झोपेतून उठताच भांड्यात हात घालण्याआधी ते धुणे, नखे वाढू न देणे आणि त्यासाठी चाळीस दिवसांची शेवटची मर्यादा. यात कोठेही महागडी वस्तू लागत नाही. डॉक्टरही मुरमे असलेल्यांना सांगतात की चेहरा घासू नका, दिवसातून दोनदा सौम्य साबण पुरे, बाकी वेळा साधे पाणी. त्वचेचा वरचा थर किंचित आम्ल असतो आणि अंगाचा नेहमीचा साबण अल्कधर्मी; दर वेळी साबणाने खसाखसा धुतले की त्वचेचे नैसर्गिक तेल निघून जाते आणि ती कोरडी, चिडकी होते. वजूमध्ये साबण नाही, घासणे नाही, कढत पाणी नाही. प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात, म्हणजे लिटरभराहूनही कमी पाण्यात, वजू करीत. आपण मशिदीच्या नळाखाली बादलीभर पाणी सोडून देतो, ही गोष्ट वेगळी.

बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवण्याची, म्हणजे खिलालची, सुन्नत तर कोकणच्या पावसाळ्यासाठीच असावी असे मला वाटते. आषाढात ओल्या चपला आणि ओले मोजे घालून हिंडणाऱ्या आम्हा लोकांच्या पायांना चिखल्या होतात, त्या बेचक्यांतच. मात्र खिलाल करून तीच ओली बोटे मोज्यात कोंबली तर व्हायचे ते होतेच. बेचके कोरडे करायला हवे; शाफई घरांत वजूनंतर अंग न पुसण्याची आवड असते, पण गरज असताना पुसायला हरकत नाही, असे फिक्हचे जाणकार सांगतात. आणि पुसायचे ते आपल्या स्वतंत्र पंचाने. एका टॉवेलवर अख्खे घर चालते तेथे एकाचा नायटा महिन्याभरात सर्वांचा होतो. त्यावरही लोक तेच स्टेरॉइडचे मलम चोळतात. खाज तेवढी थांबते आणि नायटा खालून पसरत जातो.

उरलेले थोडक्यात. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधे मॉइश्चरायझर लावावे, पण मुरमे असलेल्या चेहऱ्यावर तेल नको. दुपारच्या उन्हात चेहऱ्यावर सावली असावी. मुरूम फोडू नये, त्याचा डाग मुरमापेक्षा जास्त टिकतो. आणि ईशाच्या नमाजनंतर मोबाईल बाजूला ठेवून झोपावे, प्रेषित (स.) यांना ईशानंतरच्या गप्पा नापसंत होत्या.

पण सवयींनी असंतुष्टाची चूक सुधारत नाही. तेथे आधी विचारावे लागते. एका प्रवासात एका सहाबींच्या डोक्याला जखम झाली होती. त्यांना गुस्लची गरज पडली. सोबत्यांनी सांगितले, पाणी उपलब्ध असताना तुला तयम्मुमची सवलत नाही. त्यांनी अंघोळ केली आणि ते मरण पावले. प्रेषित (स.) यांना हे कळले तेव्हा ते अतिशय संतापले, त्या मृत्यूचा दोष त्यांनी सोबत्यांवर ठेवला आणि अज्ञानावरचा इलाज विचारणे हा आहे, असे सांगितले. ते सोबती दुष्ट नव्हते. नियम पाळायला निघाले होते. माहीत नसता सांगितले, एवढाच त्यांचा अपराध. भाचीला मलम सुचवणारी शेजारीण आणि ते विकणारा दुकानदार मला आठवतात. तेही दुष्ट नव्हते.

येथे कोणी म्हणेल, की मग उपचारच नको, अल्लाहने दिले तसे राहावे. हेही बरोबर नाही. अरफजा (रजि.) यांचे नाक लढाईत तुटले, त्यांनी चांदीचे बसवले, ते सडू लागले, तेव्हा प्रेषित (स.) यांनी सोन्याचे बसवण्यास परवानगी दिली. एरवी पुरुषांना सोने निषिद्ध आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या परवानगीचे वजन कळते. मुरमांवर, डागांवर, कोडावर तज्ज्ञाकडून उपचार घेणे हा आजारावरचा इलाज आहे. सावळा रंग हा आजार नाही. सूरह रूममध्ये माणसांच्या भाषांचे आणि रंगांचे वेगळेपण अल्लाहच्या निशाण्यांत मोजले आहे. निशाणी पुसायला निघालेल्या माणसाने निदान आपण काय पुसतो आहोत हे जाणावे.

१९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये आपल्या नावातला ‘फेअर’ हा शब्द काढला. कंपनीला नाव बदलावेसे वाटले. आपल्या घरांतल्या बोलण्यातून तो शब्द अजून गेलेला नाही. आणि हे लिहिताना मला लपवता येणार नाही, की भाचीच्या घरी आलेला तो अर्धवट निरोप मला ओळखीचा वाटला. सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलासाठी मुली पाहताना, असाच निरोप माझ्या घरातून एका घरी गेला होता. वाक्य माझ्या पत्नीचे होते, पण मी शेजारी बसून चहा पीत होतो आणि गप्प राहिलो. त्या मुलीने पुढे चेहऱ्याला काय लावले, मला ठाऊक नाही.

जुलैबीब (रजि.) हे ठेंगणे आणि रूपाने साधारण सहाबी. प्रेषित (स.) यांनी त्यांच्यासाठी एका अन्सारी घरात मागणी घातली. आईवडील कचरले. मुलीने आतून विचारले, मागणी कोणी घातली आहे, आणि होकार दिला. ती हो म्हणाली याचे आपण कौतुक करतो. आईवडिलांच्या जागी आपण असतो हे विसरतो.

उवैस करनी (रह.) यांची गोष्ट मी भाचीला सांगितली. ते यमनचे. त्यांना कोड होते. त्यांच्या दुआने ते गेले, पण दिरहमएवढा एक डाग उरला. प्रेषित (स.) यांची त्यांच्याशी भेट झाली नाही, पण त्यांनी ह. उमर (रजि.) यांना त्यांच्या खुणा सांगून ठेवल्या होत्या: आईची सेवा करणारा, आणि अंगावर एवढा डाग. तो भेटला तर आपल्या क्षमेसाठी त्याच्याकडून दुआ करवून घे. पुढे ह. उमर (रजि.) यमनहून येणाऱ्या प्रत्येक तुकडीत त्यांची चौकशी करीत राहिले. भाचीने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “तो डाग राहिला नसता, तर त्यांना ओळखलं कसं असतं?”

तिचे उपचार सात महिने चालले. मलम हळूहळू बंद केले, साधे क्रीम, उन्हात ओढणी, बाकी काही नाही. पहिले दोन महिने चेहरा आणखी वाईट दिसला आणि ती आरशावर कापड टाकून ठेवायची. गेल्या महिन्यात बहिणीचा फोन आला. दुसरे एक स्थळ आले आहे, फोटो मागितला आहे, मलमाच्या दिवसांतला एक उजळ फोटो घरात आहे, कोणता पाठवू? मी काही बोलण्याआधी मागून भाचीचा आवाज आला, की तिने सकाळीच एक पाठवला आहे. फजरनंतर अंगणात काढलेला. ओठांखालचे दोन डाग त्यात दिसतात.