राजीनाम्यानंतरचे तीन महिने

महिना संपला की कारखान्यातला पगार काढणारा कारकून कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या (ईएसआय) संकेतस्थळावर एक तक्ता चढवतो. विमा क्रमांक, नाव, हजेरीचे दिवस, पगार असे त्यात रकाने असतात. ज्याची हजेरी शून्य, त्याच्यापुढे कारणाचा आकडा घालावा लागतो. रजेवर असेल तर १, निवृत्त झाला तर ३, संप किंवा टाळेबंदी असेल तर ९. नोकरी सोडून गेला असेल तर २ आणि कामावरून कमी केला असेल तर १०. कामगाराला हा तक्ता कोणी दाखवत नाही, त्यावर त्याची सही लागत नाही. पुढे तो बेकारीभत्त्याचा अर्ज घेऊन महामंडळाच्या शाखेत जातो, तेव्हा त्याची नोकरी कशी संपली याची तिथल्या संगणकातली नोंद मात्र हीच असते.

आपल्या विम्यात बेकारीभत्ताही आहे, हे अनेक विमाधारकांच्या गावीही नसते. १९४८ च्या कायद्याने उभे राहिलेले हे महामंडळ लोक ओळखतात ते ‘ईएसआयचा दवाखाना’ म्हणून. पण १ जुलै २०१८ पासून महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना चालू आहे. सुरुवातीला भत्ता सरासरी रोजाच्या २५ टक्के होता. करोनाकाळात तो ५० टक्क्यांवर नेला आणि पुढे त्याला मुदतवाढ मिळत गेली. मिळतो तो जास्तीत जास्त ९० दिवस, आणि तोही आयुष्यात एकदाच. त्यासाठी दोन वर्षे विमाधारक असावे लागते. दोन वर्षांच्या एकूण पगाराला ७३० ने भागून रोज काढतात, त्यामुळे मध्ये खाडे पडले असतील तर भत्ताही उतरतो. विमा लागू होण्याची पगाराची मर्यादा आहे महिना २१ हजार. एखाद्याने दोन्ही वर्षे पुरा २१ हजार पगार घेतला असला, तरी तीन महिन्यांचे मिळून हातात सुमारे ३१ हजार रुपये येतात.

रक्कम तुटपुंजी आहे, पण मला बोलायचे आहे ते एका अटीविषयी. गैरवर्तनाबद्दल काढलेल्याला भत्ता नाही, स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्याला नाही, आणि आपणहून नोकरी सोडलेल्यालाही नाही. वरवर पाहता यात वावगे काही वाटत नाही. स्वतःच्या पायाने बाहेर पडला, त्याला भरपाई कसली? माझे म्हणणे असे की ही अट अन्यायाची आहे. तिचा सगळ्यात मोठा फायदा होतो तो माणसांना वाईट वागवणाऱ्या मालकाला.

नोकऱ्या प्रत्यक्षात कशा संपतात ते पाहू. कायदेशीर कपात करायची तर मालकाला एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार द्यावा लागतो आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मोजावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने हे ठरवून दिले आणि नव्या कामगार संहितेनेही ते तत्त्व ठेवले आहे. कामगाराने राजीनामा दिला तर यातले काहीच द्यावे लागत नाही. म्हणून राजीनामे लिहून घेतले जातात. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणतो, “राजीनामा लिहून दे, मग तुझं फुल अँड फायनल लगेच करतो.” मजकूर बहुधा तयारच असतो. ‘मी माझ्या घरगुती अडचणींमुळे स्वखुशीने राजीनामा देत आहे. माझे कंपनीकडे कोणत्याही प्रकारचे येणे बाकी नाही.’ खाली तारखेची जागा मोकळी असते. घरी अडचण असते ती एवढीच, की गेल्या महिन्याचा पगार अडकलेला आहे आणि सही केल्याशिवाय तो सुटणार नाही. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत हेच काम मनुष्यबळ विभागाच्या छोट्या खोलीत, मऊ शब्दांत होते. तिथे धाक असतो रिलीव्हिंग लेटरचा आणि पुढच्या कंपनीच्या पडताळणीचा. तिथल्या बहुतेकांचा पगार २१ हजारांच्या वर असल्याने ते या विम्यातच नाहीत. त्यांच्यासाठी हा प्रश्न उद्भवण्याआधीच निकालात निघालेला असतो.

दबावाखाली लिहून दिलेले राजीनामे बाजूला ठेवले, तरी खरोखर आपणहून सोडणारे उरतातच, आणि मला त्यांची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. समजा, वाळूजच्या एखाद्या युनिटमध्ये एक बाई पॅकिंगला आहेत. चार वर्षे सकाळची पाळी होती. अचानक त्यांना दुसरी पाळी लावली. सुटायला रात्रीचे साडेअकरा होणार आणि कंपनीची बस बंद केलेली. लाइनवरचा माणूस जाता-येता अंगचटीला येतो, तक्रार केली तर “मग घरी बसा” हे उत्तर. त्या एक दिवस जायच्या बंद होतात. तक्त्यात त्यांच्यापुढे २ पडतो. त्यांनी चार वर्षे पगारातून वर्गणी भरली, मालकानेही भरली. कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के. ज्या दिवसांसाठी हे पैसे साठवले, नेमके तेच दिवस त्यांच्यावर आले. तरीही विमा त्यांना सांगतो, तुम्ही तुमच्या मर्जीने गेलात.

बेकारी विम्याच्या इतिहासात या प्रश्नाचा सर्वांत स्वच्छ विचार मला एका अनपेक्षित माणसाच्या टिपणात सापडतो. विन्स्टन चर्चिल १९०८ ते १९१० या काळात ब्रिटनच्या व्यापार मंडळाचे अध्यक्ष होते आणि जगातल्या पहिल्या सक्तीच्या राष्ट्रीय बेकारी विम्याचा आराखडा त्यांच्या खात्यात घडत होता. हिंदुस्थानविषयीची त्यांची मते आपण विसरू शकत नाही, विसरूही नये. पण जून १९०९ मधले त्यांचे टिपण वाचण्यासारखे आहे. दारूपायी किंवा भांडणापायी ज्याची नोकरी गेली त्याला विम्याचे पैसे द्यायचे का, असा वाद होता. खात्याचे मुख्य सचिव ह्युबर्ट लुएलिन स्मिथ यांचे मत, देऊ नयेत. चर्चिल यांचे मत, द्यावेत. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: कामगाराने वर्गणी भरली आहे. नोकरी कोणत्या कारणाने गेली हे न पाहता त्या दूरदृष्टीचे फळ त्याला मिळायला हवे. तापट स्वभाव, लहरी मालक, बाजारातली मंदी या साऱ्यांमुळे माणसे बेकार होतात आणि विम्याच्या हिशेबात हे सगळे धोके धरलेले असतात. गणितात नीतीची भेसळ नको.

चर्चिल यांचे चालले नाही. १९११ चा कायदा झाला, त्यात बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती अशा काही उद्योगांतले सुमारे साडेबावीस लाख कामगार आले. आठवड्याला सात शिलिंग, जास्तीत जास्त १५ आठवडे. आणि सबळ कारणाशिवाय नोकरी सोडली तर सहा आठवडे काही नाही. तरीही त्या जुन्या कायद्यातल्या दोन गोष्टी आपल्या योजनेपेक्षा पुढच्या होत्या. एक म्हणजे सोडणाऱ्याचा हक्क बुडत नव्हता, लांबत होता. दुसरी म्हणजे कारण सबळ आहे का, याबद्दल अधिकाऱ्याने दिलेल्या निर्णयावर एका स्थानिक मंडळाकडे दाद मागता येई. त्या मंडळावर एक प्रतिनिधी मालकांचा, एक कामगारांचा आणि अध्यक्ष तटस्थ असे.

तेव्हापासून बहुतेक देशांनी हाच मधला मार्ग धरला. जर्मनीत बारा आठवडे भत्ता रोखतात आणि एकूण मुदतीतूनही किमान चौथा हिस्सा कापतात. मात्र पगार थकला, छळ झाला, प्रकृतीला काम झेपेना, असे महत्त्वाचे कारण दाखवता आले तर काहीच कापत नाहीत. नोकरीसाठी म्युनिक-श्टुटगार्टला गेलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींनी राजीनामा टाकण्याआधी हा नियम नीट वाचायला हवा. डेन्मार्कमध्ये तीन आठवडे थांबावे लागते. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगळे, पण सबळ कारणाची सवलत सगळीकडे कमीअधिक आहे. फ्रान्सने १ नोव्हेंबर २०१९ पासून आणखी एक दार उघडले. पाच वर्षे सलग काम केलेल्या आणि नवे शिक्षण किंवा स्वतःचा व्यवसाय यांचा आराखडा मंजूर करून घेतलेल्या माणसाला राजीनाम्यानंतरही भत्ता मिळतो. ब्रिटन मात्र उलट्या दिशेने गेले. सहा आठवड्यांचे १९८६ मध्ये तेरा झाले आणि १९८८ मध्ये सव्वीस.

आपल्याकडची गोष्ट मात्र गिरणगावाला विचारावी. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या कापडगिरण्यांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. १९९२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय नूतनीकरण निधी काढला. हेतू सांगितला गेला तो कामगारांना नवे कौशल्य देण्याचा, पण पैसा मुख्यतः खर्च झाला सरकारी उद्योगांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर. लालबाग-परळच्या चाळींत ‘व्हीआरएस घेतली’ हे शब्द घरोघरी झाले. मशिनरी बंद, पगार बंद, आणि पुढ्यात सहीसाठी कागद. त्या सहीला मर्जी म्हणायचे आणि तेवढ्यावर बेकारीच्या आधारातून माणूस वगळायचा, ही पद्धत तेव्हा पक्की झाली. आजची अट तिचीच वारस आहे.

आक्षेप ठरलेला आहे: सोडणाऱ्यालाही पैसे मिळू लागले तर लोक उठसूट नोकऱ्या सोडतील. मी हा आक्षेप मनापासून तपासून पाहिला आहे. आयुष्यात एकदा, ९० दिवस, निम्मा रोज. महिन्याला दहा हजारांसाठी वीस हजारांची धड नोकरी कोण सोडील? सोडील तो, ज्याला ती नोकरी सहन होत नाही. तसे तर आज तो सोडतोच. फरक इतकाच की भाडे आणि किराणा भागवायला त्याला समोर येईल ते पहिले काम, बहुधा आधीच्यापेक्षा वाईट, पत्करावे लागते. हाताशी तीन महिने असते तर तो निवडू शकला असता. आणि कामगार निवडू शकतो हे कळले की मालकही पाळ्या लावताना, पगार अडवताना विचार करतो. कामगार निरीक्षक वर्षातून एकदा येणार की नाही याचा भरवसा नसलेल्या छोट्या युनिटांत कामगाराजवळ दुसरा इलाज तरी कोणता आहे?

आपल्याच कायद्यात याचे दोन आधार आहेत. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने पाच वर्षे पुरी केलेल्याला राजीनाम्यानंतरही ग्रॅच्युइटी दिली. म्हणजे सोडून गेला म्हणून केलेल्या कामाचा हक्क बुडत नाही, हे आपण पन्नास वर्षांपूर्वीच मान्य केले. दुसरा आधार महाराष्ट्राचा स्वतःचा आहे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला केलेल्या प्रयोगातून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ पासून व्यवसाय कर आला, जो आजही शहरी कामगाराच्या पगारपत्रकातून वर्षाला अडीच हजारांपर्यंत कापला जातो. हमीच्या कामावर आलेल्या माणसाला आधीचे काम का सोडलेस असे कायद्याने विचारले नाही. मागेल त्याला काम, इतकेच. ज्याच्या करातून ती हमी चालली, त्याच्या स्वतःच्या विम्यात मात्र पहिला प्रश्न मर्जीचाच.

मागणी फार मोठी नाही. नकाराऐवजी चार ते सहा आठवड्यांची प्रतीक्षा ठेवा. पगार थकणे, छळ, धोक्याचे काम, आजारपण, जोडीदाराची बदली, पाळीतला एकतर्फी बदल ही कारणे लेखी मान्य करा. ती असतील तर प्रतीक्षाही नको. नोकरी का संपली याचे निवेदन आधी कामगाराकडून घ्या, मग मालकाकडून. वाद झाला तर निर्णय एका अधिकाऱ्यावर सोडू नका. महामंडळाच्या प्रादेशिक मंडळांवर कामगार आणि मालक दोघांचेही प्रतिनिधी असतात; त्यांच्यातूनच तीन जणांची समिती नेमता येईल.

तोवर कामगाराला स्वतःपुरते काही करता येते. सोडावीच लागली तर राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारण’ लिहू नये. खरे कारण तारखांसह लिहावे: कोणत्या महिन्याचा पगार थकला, पाळी केव्हा बदलली, तक्रार कोणाकडे केली. त्याची प्रत ईमेलने किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवावी आणि पोच जपून ठेवावी. पगाराच्या चिठ्ठ्या आणि सुपरवायझरचे व्हॉट्सॲपवरचे निरोप पुसून टाकू नयेत. शेवटच्या महिन्याच्या तक्त्यात आपल्या नावापुढे कोणता आकडा पडला, हे शाखेत जाऊन विचारावे, आणि तो चुकीचा असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी देऊन वर शिक्का मारून घ्यावा.